वाटेवर फिरलेला नांगर

नवऱ्याच्या, अभयच्या पुण्यानुमोदनाला एवढी माणसं येतील असं करुणाला वाटलंच नव्हतं. तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी लोक दुःखानं येतात, दुसऱ्या वर्षी ओळखीनं येतात, तिसऱ्या वर्षी घरचं घरी उरकायचं, असा तिचा अंदाज. आणि भंतेजींनी पंचशील सुरू केलं तेव्हा बघते तर काय, मांडवात पाय ठेवायला जागा नाही! अख्खी वस्ती लोटली होती. बाया न सांगता पुऱ्या लाटायला बसल्या होत्या, पोरांनी पाण्याचे जार भरून ठेवले होते. करुणाला भरून आलं. आशा वर्कर म्हणून ती वस्तीत दारोदार फिरायची, लेकरांना डोस पाजायची, बाळंतिणींच्या मागं लागायची. ते तिचं कामच होतं. पण आज इथं येणं हे काही कोणाचं काम नव्हतं. ही माणसं आपणहून आली होती.

थोरला दीर राजकुमार मात्र मांडवाच्या खांबाला टेकून आंबट तोंडानं उभा होता. चितेगावातल्याच एका कंपनीत तो सुपरवायझर. अभय गेल्यावर त्यानं करुणाला आणि तिच्या सत्यमला आपल्या घराची मागची खोली दिली, पोराला पॉलिटेक्निकला घातलं, आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. हे करुणा झोपेतसुद्धा विसरत नव्हती. त्याचं तोंड आज आंबट का झालंय हेही तिला ठाऊक होतं. ज्या वस्तीच्या अर्जानं जमिनीचं घोडं अडलं, तीच वस्ती त्याच्या दारात पंगतीला बसली होती.

ती जमीन म्हणजे सासऱ्यांनी, सांडूबाबांनी, एसटीच्या वर्कशॉपमधली नोकरी करता करता पोटाला चिमटा काढून घेतलेला पैठण रोडलगतचा तुकडा. बाबांच्या मागं सातबाऱ्यावर चार नावं लागली: सासूबाई गीताबाई, राजकुमार, नणंद रत्नमाला आणि अभयच्या जागी करुणा. चौघांनी मिळून जमिनीचे चार सारखे प्लॉट पाडायचा प्रस्ताव दिला होता. पुढचे दोन राजकुमार आणि रत्नमालेचे, मागचे दोन करुणा आणि गीताबाईंचे. करुणाच्या मनात तर घर बांधूनही झालं होतं. ओटा कुठं, मोरी कुठं, खिडकीत तुळस की गवती चहा, सगळं. दिराच्या घरात कोणी वाकडं बोलत नव्हतं, पण जाऊबाईंच्या फ्रिजचं दार उघडताना आजही तिचा हात अडखळायचा. आपल्या हक्काचं दार तिला हवं होतं, एवढंच. आणि गेल्या महिन्यात प्रस्ताव नामंजूर होऊन आला.

जेवणं उरकत आली तशी रत्नमालेनं मांडवात येऊन हाक मारली, "करुणे, आत ये. अपेक्षा वाट बघायलीय."

अपेक्षा रत्नमालेची लेक. शहरात खंडपीठात वकिली करायची, आणि मामाच्या सांगण्यावरून तिनं नामंजुरीची सगळी फाईल नीट तपासली होती. मधल्या खोलीत पलंगावर गीताबाई पाय पसरून बसल्या होत्या, खाली सतरंजीवर बाकीचे. जाऊबाई चहा ठेवून दाराशीच टेकल्या.

"सांग बाई," राजकुमार म्हणाला. "अपील ठोकायचं ना? त्या साहेबाची चूक कुठं सापडली?"

"मामा, साहेबाची चूक नाहीच आहे," अपेक्षा म्हणाली.

"म्हणजे?"

"नकाराला दोन कारणं दिलीत. एक, मागच्या दोन प्लॉटांना धड रस्ता नाही. नकाशात तुम्ही कडेनं बोळ सोडलाय, त्यातून मोटारसायकल जाईल, रुग्णवाहिका नाही जाणार. दुसरं, जागेवर वहिवाटीची पायवाट दिसते आणि ती नकाशात नाही. ही दोन्ही कारणं खरी आहेत. मी उलटसुलट करून पाहिली. कुठं बोट ठेवायला जागा नाही."

राजकुमारनं चहाचा कप खाली ठेवला. "पायवाट नाय तिथं. मोजणीदाराला दिसली नाय, तर साहेबाला कशी दिसली?"

 गीताबाईंनी तोंड फिरवलं. मोजणीदाराला ती वाट का दिसली नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

ओढ्याकाठी वस्तीची स्मशानभूमी. पूर्वी मयत न्यायची वाट वेगळी होती. तिथं कंपनीची जागा झाली, भिंत आली, आणि लोकांना मोठा वळसा पडायला लागला. तेव्हा सांडूबाबांनी वस्तीत जाऊन सांगितलं, माझ्या बांधाकडनं न्या. कागद नाही, सही नाही. दर पेरणीला तिफण तिथं आली की बाबा ती उचलून धरायचे, वाट ओलांडायचे आणि पलीकडं पुन्हा टेकवायचे. त्यांच्या मागं अभयनं तसंच केलं. अभयनंतर शेत बटईनं दिलं, तर बटईदारही न सांगता ती पट्टी सोडायचा. आणि यंदा मोजणीच्या आधी राजकुमारनं ट्रॅक्टर लावून ती वाट नांगरून टाकली. वाट दिसली की जागा जाणार, असा त्याचा हिशेब. मोजणीदाराला सपाट रान दिसलं, त्यानं सपाट रान काढलं.

पण पुढच्याच पंधरवड्यात वस्तीतल्या कचरूदादांची बायको वारली. माणसं नेहमीच्याच वाटेनं निघाली. ढेकळांत खांदेकऱ्यांचे पाय मुरगळत होते. करुणा बायांच्या घोळक्यात मागं होती. शरमेनं तिला मान वर करवत नव्हती. त्या दिवशी आणि नंतर राख सावडायला एवढी पावलं पडली की वाट पुन्हा उमटली. साहेब पाहणीला आले ते त्यानंतर.

"मग आता?" रत्नमालेनं विचारलं.

"दुसऱ्या वकिलानं मला मार्ग सांगितलाय." राजकुमारनं कपाटावरून पिशवी काढली, तिच्यातून टाईप केलेलं शपथपत्र सतरंजीवर ठेवलं. "चौघांनी लिहून द्यायचं. या जमिनीतून वाट नाय, कधी नव्हती, कोणी मयत नेत नाय. अर्ज करणाऱ्यांनी खोडसाळपणा केलाय. अपेक्षा, तू नुसतं बघ, भाषा बरोबर हाये का."

"भाषा लई चांगली आहे, मामा," अपेक्षा म्हणाली. "फक्त त्यातलं एक वाक्यही खरं नाही."

"खरं-खोटं घेऊन काय चाटायचं व्हय? चार पिढ्यांत पहिल्यांदा आपल्या नावानं रोडलगत जागा हाये!"

"आणि टिकायचंही नाही ते, रस्त्याचं कारण तर तसंच राहतं. उद्या समोरची बाजू साक्षीदार उभे करील. खोट्या शपथपत्राचं निस्तरायला माझ्याकडंच याल. त्यापेक्षा माझं ऐका." अपेक्षानं एका कोऱ्या कागदावर पेनानं चौकोन काढला, त्याचे चार भाग केले आणि एका कडेनं वरून खाली रेघ ओढली. "ही आजोबांची वाट. रोडपासून निघते, मामांच्या प्लॉटच्या कडेनं, करुणामामीच्या प्लॉटच्या कडेनं, ओढ्यापर्यंत. हीच रुंद करून नऊ मीटरचा रस्ता दाखवा. मागं ओढ्याच्या कडेनं तो आजीच्या प्लॉटापर्यंत वळवला की मागच्या दोन्ही प्लॉटांना रस्ता मिळाला, पहिलं कारण संपलं. वाट नकाशात आली, वस्तीनं संमती दिली, दुसरं संपलं. ज्या वाटेवर तुम्ही नांगर घातला, मामा, तीच वाट तुमचे प्लॉट मंजूर करून देईल."

"अगं बाई!" दारातून जाऊबाईंच्या तोंडून निघून गेलं. राजकुमारनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्या कपबशा गोळा करायला लागल्या.

त्यानं कागद स्वतःकडं ओढून रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "रस्ता माझ्यातनं जाणार, करुणाच्यातनं जाणार. माझा पुढचा प्लॉट, मला तिथं गाळे काढायचेत. माझं जेवढं रस्त्यात जाईल तेवढं मला मागून भरून पायजे."

"मागून म्हणजे करुणाकडनं?" रत्नमालेचा आवाज चढला. "तिचं रस्त्यात जाणार ते जाणार, वर तुला भरून द्यायचं? मग तिला राहिलं काय, चपला काढायची जागा?"

"म्हणून तर म्हणतो, शपथपत्र करा! त्यात कोणाचं काहीच जात नाय. अक्का, तू बी पूर्ण घे, करुणाला बी पूर्ण प्लॉट." तो करुणाकडं वळला. आवाज एकदम मऊ झाला, आणि तेच तिला जड गेलं. "करुणा, मी तुझं वाईट बघंल का? तुझ्या घरासाठीच चाललंय हे. आज सगळे हायेत. सही कर, उद्या नोटरीकडं जाऊ."

त्यानं पेन पुढं केलं.

करुणानं ते घेतलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिला सही करावीशी वाटली. पूर्ण प्लॉट. पूर्व-पश्चिम घर. दिराचा शब्दही राहिला असता. एवढं केलं या माणसानं, आणि पहिल्यांदा काही मागतोय.

बाहेर मांडवात पत्रावळी उचलायची गडबड चालली होती. कोणीतरी हसत होतं. त्यांतलेच चौघे तीन वर्षांपूर्वी अभयला घेऊन गेले होते. ओढ्याला पाणी होतं, वाटेवर गुडघाभर चिखल. करुणा पडवीतून बघत होती. एकाची चप्पल चिखलात रुतली तर तो अनवाणी चालत राहिला, पण त्यानं खांदा बदलू दिला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "मला नाय जमायचं."

"काय?"

"कोणी मयत नेत नाय, असं मी कसं लिहून देऊ? ह्यांना त्याच वाटेनं नेलंय." ती तशीच पुढं बोलत गेली. "तुमचे उपकार मी जन्मात विसरायची नाय. सत्यमला तुम्ही बापाची कमी पडू दिली नाय. माझा प्लॉट पायजे तर घ्या. रस्त्यात जाऊ द्या, तुम्हाला भरून घ्या. मागच्या खोलीत माझं काही वाईट चाललेलं नाय. पण ही सही मागू नका."

तिनं पेन शपथपत्रावर ठेवून दिलं.

राजकुमारचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटारडा, आणि तुम्ही सगळे सज्जन! अक्का, तू कर सही."

"मी? मी दोघींच्या बाजूनं हाये," रत्नमाला म्हणाली. "लेकीच्या आन् भावजयीच्या. तुझ्या बाजूनं मी तुझ्या पोराचं नाव ठेवलं त्या दिवशी होते, लाडू खाल्ला तेवढ्यापुरती."

एरवी राजकुमार हसला असता. आज नाही. त्यानं शेवटी आईकडं पाहिलं. "माय, तू सांग. तुझी सही पहिली लागती."

 गीताबाईंनी पाय खाली घेतले, पदर सारखा केला.

"करते की सही. मला एवढंच सांग राजा, मला कुठून नेणार?"

"माय, काय बोलायलीस!"

"इचारलं तेवढं सांग. तुझ्या बापाला तिथून नेलं. माझ्या अभयला तिथून नेलं. आता तू लिहून द्यायलास की तिथून कोणी जात नाय. मंग मी मेल्यावर मला काय टेम्पोत घालून वळसा घालणार का कंपनीच्या भिंतीवरून टाकणार? ते बी लिव त्या कागदात, म्हणजे मला कळंल."

राजकुमार उठला.  "आन् ज्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला, त्यांच्यासाठी माझी माय मला असं बोलायली!" तो ओरडलाच. "माझं नाव घालवलं त्यांनी साहेबापुढं!"

"नाव कुठं घातलंय रं आमी तुझं?"

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. कचरूदादा निरोप घ्यायला आले होते. हातात टोपी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. बायको जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. जाऊबाई गडबडीनं बाजूला झाल्या.

"जय भीम, वयनी," त्यांनी गीताबाईंना म्हटलं आणि उंबऱ्याच्या आत आले. "राजकुमार, आमचा अर्ज वाचला का तू?"

"काय वाचायचं त्यात?"

"आमी लिवलं, सांडूबाबाच्या लेकरांचे प्लॉट होऊ द्या, वाट तेवढी ऱ्हाऊ द्या. दुसरं काय नाय. साहेब पाहणीला आले तवा त्यांनी इचारलं, ही वाट नांगरली कुणी? मी म्हणलं, साहेब, रान हाये, रानात नांगर फिरायचाच."

"हो मामा," अपेक्षा हळूच म्हणाली. "फाईलीत असंच आहे. तुमचं नाव कुठंच नाही."

राजकुमार खाली बसला. 

"काकूंना नेताना..." तो कचरूदादांना म्हणाला आणि अडला. "ढेकळं लई होती."

"व्हती," कचरूदादा म्हणाले. "माझा धाकटा पडला बी. पण तुझ्या बापानं आमची अडचण बघून वाट दिली, मागायला बी लावलं नाय. त्याच्या पोराचं नाव मी त्या कागदावर घालावं व्हय? माझ्या हातानं व्हायचं नाय ते."

 राजकुमारनं शपथपत्र उचललं. फाडलं वगैरे नाही. घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि पिशवी अपेक्षाकडं सरकवली. "तुझ्याकडं राहू दे हे. नायतर माझं डोकं फिरायचं उद्या परत." मग नाक पुसून म्हणाला, "टेप कुठंय गं घरातला? मोठा?"

"आत्ता?" जाऊबाई म्हणाल्या.

"आत्ताच. सगळे हायेत तर मोजून घेऊ."

रस्ता ओलांडला की शेत. उन्हं अजून चढलेलीच होती. रत्नमाला छत्री घेऊन आली, गीताबाईंना कचरूदादांच्या पोरांनी खुर्चीसकट आणून बांधावर बसवलं. वस्तीतली माणसं घरी जायची सोडून मागोमाग आली. अपेक्षा कागदावर लिहून घेत होती.

राजकुमारनं टेपचं टोक करुणाच्या हातात दिलं. "धर. बांधापासून."

ती बांधाशी जाऊन वाकली. तो टेप सोडत मागं मागं सरकत गेला, आपल्या प्लॉटच्या जागेत शिरला, नऊ मीटरवर थांबला आणि टाचेनं खूण केली. मग रत्नमालेकडं बघून म्हणाला, "अक्का, चौघांचं सारखं करायचं तर मधली रेघ तुझ्याकडं सरकवावी लागंल."

"सरकव की! मी काय धरून बसलेय ती?"

"माय, तुझी बी."

"मला काय करायचाय एवढा प्लॉट," गीताबाई खुर्चीतून म्हणाल्या. "मोज नीट, तिकडं बडबड करू नको."

मागच्या बाजूला पोचल्यावर करुणा म्हणाली, "भाऊजी, तुमच्या गाळ्यांना कमी पडंल. दोन-चार फूट माझ्यातून घ्या. खरंच सांगते, मनापासून."

"गप धर तो टेप," राजकुमार तिच्याकडं न बघता म्हणाला. "माझ्या मागची हद्द हलायची नाय. चौघांचं सारखं म्हणजे सारखं. एक गाळा कमी काढीन." तो खाली बसला, खुंटी रोवली, दगडानं ठोकली. तिसऱ्या ठोक्याला त्याचा हात थांबला. "अभय असता तर त्यानं हे पयलंच केलं असतं. तुला बोलावं लागलं, करुणा. वाईट वाटून घेऊ नको."

"वाईट कशाचं? मी तुमची लई आभारी हाये," करुणा म्हणाली. हे घरात कोणी कोणाला म्हणत नाही, म्हणून तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं. तिनं बांधावर उभ्या असलेल्या वस्तीकडं पाहिलं. "तुमची सगळ्यांचीच."

"मंजूर होईलच असं मी लिहून देत नाही हं," अपेक्षा लांबून ओरडली. "पण आता नाकारायला त्यांच्याकडं कारण उरत नाही!"

"वकील झाली तरी खात्रीचं बोलायची नाय ही पोरगी," कचरूदादा म्हणाले. "आमच्या संमतीवर कुणाकुणाच्या सह्या लागतात तेवढं सांग. सगळी वस्ती अंगठे घेऊन हजर."

राजकुमार उठला, हात झटकले, आणि खुंट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघितलं. ही आता करुणाची जागा. ठरल्यापेक्षा थोडी अरुंद, पण घर आरामात बसेल अशी.

"दार कुठल्या अंगानं काढणार?" त्यानं विचारलं. "माझं ऐकशील तर पलीकडनं काढ, मायच्या बाजूनं. इकडं ही वाट. येता-जाता मयत दिसंल."

"इकडंच काढीन, भाऊजी. वाटंकडं."

"अगं पण..."

"ह्यांना नेलं तेव्हा ती पोरं परत येताना चिखलानं भरलेली, घामानं निथळत होती," करुणा म्हणाली. "मला काही सुचत नव्हतं. कोणी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाय. दारात एक माठ ठेवीन मी."